निंबाजी फरासाच्या पायात न रुतलेल्या काट्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाणीची देवी जिभेवर स्थिर राहो, आणि ऐकणाऱ्या बाळांस कथा सरेतोवर जांभई न येवो. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, ते दिवशी एका राज्यात जे घडले आणि त्यापूर्वी बहुत वर्षे जे घडत आले, त्याची ही हकीकत. राज्याचे नाव पुसू नये. धाकट्या बाळराजांनी पाटीवरून मान उचलून प्रश्न केला की, "पंतोजी म्हणतात, जो फार कष्ट करतो तो फार मोठा होतो. मग आपले पाणके मोठे का होत नाहीत?" प्रश्न नेमका, उत्तर अवघड, आणि लेकरास अवघड उत्तर टाळून सोपे खोटे सांगावे हे बरे नव्हे, म्हणोन लिहिले आहे. सावकाश ऐकावे.

तर आधी फरासखाना म्हणजे काय ते समजून घ्यावे. धनी स्वारीस निघाले म्हणजे त्यांच्या आधी एक मजल डेरे, कनाती, सतरंज्या आणि दोरखंड पुढे जात, आणि धनी पोचण्यापूर्वी उघड्या माळावर कापडाचे गाव उभे राही. ते उभे करणारे ते फरास. डेरा उभा राहतो दोरांवर, आणि दोर तगतात मेखांवर. मेख म्हणजे जमिनीत ठोकायचा लाकडी खुंटा, आणि ती ठोकायची लाकडी मोगरीने. हे काम जोडीने चाले. एकाने मेख धरावी, दुसऱ्याने मोगरी मारावी. आणि त्या खात्याचा कडक रिवाज असा की काम चालता नजर मेखेवरून उचलू नये. धरणाऱ्याने उचलली तर त्याची बोटे जातात, मारणाऱ्याने उचलली तरी धरणाऱ्याचीच जातात, आणि उचललेली नजर चुकून जनान्याच्या कनातीकडे गेली तर मान जाते. म्हणोन फरासांच्या पिढ्या माना खाली घालून जगल्या आणि पुढे तोच त्यांचा स्वभाव जाहला. बाजारातही फरास ओळखू येई. तो भेटल्या माणसास तोंडावरून न ओळखता पायताणावरून ओळखीत असे.

त्या खात्यात निंबाजी आणि गोंदाजी अशी एक जोडी होती. निंबाजी अंगाने चपळ, बोलण्यात गोड, आणि कामात मन असले तर असे, नसले तर नसे. गोंदाजी बैलासारखा, मोगरी त्याची, आणि तिचा आवाज ऐकून लोक म्हणत की गोंदाजीने मेख ठोकली म्हणजे ती पृथ्वीने गिळली. दोघांचे सख्य मोठे. गोंदाजीची बायको भागूबाई हिच्या हातची भाकर निंबाजीने इतकी खाल्ली की तिला वहिनी म्हणायचा त्याचा हक्कच जाहला.

पुढे एके उन्हाळ्यात शेजारच्या राज्याचा वकील भेटीस येणार ऐसे ठरले. वकिलाच्या धन्यास कोणी चहाडी सांगितली होती की आमचे थोरले सरकार आजारी आहेत, खोकून खोकून जर्जर जाहले, यंदाचा पावसाळा पाहत नाहीत. त्यावर भिस्त ठेवून वकील आमच्या एका घाटाची मागणी घेऊन येत होता. चहाडीत तथ्य इतकेच की सरकारांस धूर सोसत नसे. धूर नाकाशी आला की उबळ येई आणि डोळ्यांतून पाणी वाही. एरवी प्रकृती ठणठणीत. नदीकाठच्या माळावर डेरे द्यावे ऐसा हुकूम सुटला, आणि सारे फरास सकाळपासून माना खाली घालून मेखांस भिडले. ऊन असे की मोगरीचा दांडा हातात धरवेना. निंबाजीस कंटाळा आला. त्याने पाय धरला, "आई गं" म्हणाला आणि मटकन खाली बसला.

"काय रे, काय झालं?" गोंदाजीने पुसले, नजर मेखेवरच.

"काटा. बाभळीचा. खोल गेलाय."

"दाव बघू."

"नको रे, हात लावला की कळ डोक्यात जाते."

"मग ऊठ, त्या चिंचेखाली जाऊन बस. मेख मीच धरतो अन् मोगरीबी मीच मारतो."

"एकट्यानं जमंल?"

"न जमायला काय? दोन हात हायेत की. एक तुझा समज."

मग निंबाजी लंगडत चिंचेखाली गेला, आणि कोवळा पाला चघळीत पडून राहिला. काटा नव्हता. बाळांनो, हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सारे त्या नसलेल्या काट्यावर उभे आहे. तिकडे गोंदाजी डाव्या हाताने मेख धरी आणि उजव्याने मोगरी मारी, आणि एका घावास हात चुकून त्याचा अंगठा चेचला, तरी त्याने तोंडातून शब्द काढला नाही. काढता तर निंबाजी उठून आला असता आणि त्याच्या पायास त्रास जाहला असता. इकडे निंबाजीस काही काम नाही, म्हणोन त्याचे डोळे मोकळे जाहले, आणि जन्मात प्रथमच त्याने डेरा उभा राहताना वर पाहिला. कापड पाहिले, आभाळ पाहिले, पलीकडे मुदपाकखान्याच्या चुली पाहिल्या. सकाळी चुलींचा धूर दोरीसारखा सरळ वर चढत होता. दुपार कलती जाहली, आणि ती दोरी वाकली, आणि तिचे टोक हळूहळू सरकारांच्या डेऱ्याकडे वळू लागले. माळावर माणसे पुष्कळ होती, पण साऱ्यांच्या माना खाली. हे फक्त निंबाजीस दिसले. आणि त्याच वेळी छत्रीखालून कारभारी घाईने चालले होते. निंबाजी उठला आणि धावला, दोन्ही पायांनी धावला, आणि त्याने कारभाऱ्यांची वाट अडविली.

कारभारी कडाडले, "कोण रे तू, तोंड वर करून उभा राहणारा?"

"फरास आहे, साहेब. पण वारा फिरला. घटकाभरात चुलींचा धूर थेट गादीवर येईल, अन् वकिलापुढं धनी खोकायला लागतील."

कारभाऱ्यांनी धुराकडे पाहिले, आणि त्यांच्या कपाळास उन्हाने सुटला नव्हता तो घाम सुटला. मग चुली विझविल्या, कनात फिरविली, स्वयंपाक पलीकडल्या अंगास नेला, आणि वकील आला तेव्हा सरकार गादीवर मजेत बसलेले, मुखी विडा, आणि चार घटका बोलणे चालले तरी एक साधा ठसका नाही. वकील मनात चरकला की आपली बातमी खोटी. घाटाची गोष्ट त्याने काढलीच नाही, उलट तहावर निमूट शिक्का देऊन आणि आंब्यांची करंडी घेऊन गेला. तलवार न काढता घाट राहिला. सरकार बहुत संतोष पावले आणि निंबाजीस हुजूर आणविले.

सरकार म्हणाले, "एवढी माणसं होती, मग हे तुलाच कसं दिसलं?"

ते वेळी खरे उत्तर निंबाजीच्या ओठांशी आले होते. 'काम टाकून बसलो होतो, म्हणून दिसलं.' इतकेच बोलायचे होते. परंतु सरकारांची मुद्रा प्रसन्न, कारभाऱ्यांच्या हातात वस्त्रांचे तबक, आणि कष्टाळू माणूस सरकारांस फार आवडे हे सर्वांस ठाऊक. निंबाजीच्या जिभेने धुरासारखेच वळण घेतले. तो म्हणाला, "कष्टानं, धनी. पहाटेपासून मेखा ठोकतोय. पायात काटा रुतला तरी जागा सोडली न्हाई. कामात जीव असला की आपोआप सुचतं." सरकारांचे डोळे भरून आले, आणि धुरावाचून आले. निंबाजीस फरासखान्याची दरोगाई, म्हणजे त्या खात्याचे मुख्यपण, दिली, वस्त्रे दिली, आणि सारे दरबारी माना डोलावते जाहले.

फरासांची बिऱ्हाडे तळाबरोबरच असत. सांजवेळी निंबाजी नवा शेला घेऊन गोंदाजीच्या राहुटीशी आला, तो भागूबाईने हळद वाटून, गरम करून तयारच ठेविली होती. तिने त्याचा पाय मांडीवर घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. "कुठं हाय काटा, भावजी? दिसत तर न्हाई." तो म्हणाला, "आत गेलाय, वहिनी." मग तिने हळद लाविली, चिंधी बांधिली, आणि वाटीच्या कडेला जी उरली ती आपल्या नवऱ्याच्या अंगठ्यास लाविली. निंबाजीने तो अंगठा पाहिला. काळानिळा जाहला होता आणि नख उचलले होते. तेव्हाही बोलता आले असते. शेला खांद्यावरून घसरत होता तो त्याने सावरला, आणि बोलला नाही.

गोंदाजीने पुसले, "गड्या, धन्यांनी तुलाच का निवडला रे?" निंबाजी खाली पाहून म्हणाला, "कष्ट पाहिले म्हणाले." यावर गोंदाजीने बराच विचार केला. फरासाची बुद्धी सरळ मेखेसारखी. तो म्हणाला, "खरंच हाय. मी धडक्या पायांनी केलं, त्यात काय मोठं? तू काटा घेऊन दिवसभर तळावर राहिलास. माझं अजून कमी पडतंय बघ." आणि दुसऱ्या दिवसापासून तो आपले काम करून वर दुसऱ्याचेही करू लागला.

मग वर्षे गेली. त्या राज्यात खंडेनवमीस हत्यारांबरोबर मेखा आणि मोगऱ्याही पूजीत, आणि पूजेनंतर नव्या फरासांस निंबाजीची गोष्ट सांगण्याची चाल पडली. पहिल्या साली काटा काट्याएवढा होता. पुढे तो बोटाएवढा जाहला. पुढे गोष्टीत रक्त आले, आणि रक्ताने माती भिजून मेखा घट्ट बसल्या ऐसेही कोणी जोडिले. निंबाजी तक्क्याशी बसून ऐके. प्रथम तो म्हणे, "छे, छे, एवढं काही नव्हतं." पुढे नुसते हसू लागला. आणि एका साली सांगणारा काटा विसरला, तेव्हा निंबाजीनेच खाकरून आठवण दिली. घरी जाताना ते त्याच्या ध्यानात आले आणि कानशिले तापली, ती घरी पोचून पाणी मारले तरी निवाली नाहीत. मागच्या ओळीत गोंदाजी बसत असे. तो नव्या माणसांस कोपराने ढोसून सांगे, "ऐका नीट. मी जोडीदार व्हतो त्यांचा. माझ्या डोळ्यांदेखत झालंय." त्याचे पोर असते तर बापास विचारते की मग आपण मागे का, पण पोर नव्हते, आणि त्याने स्वतःस कधी विचारिले नाही. वर्षानुवर्षे ओणवे राहून त्याची पाठ वाकली ती वाकलीच राहिली, आणि मान तर पुरती बसली. भागूबाई म्हणे, "ह्यांस्नी चांदण्या बघायच्या म्हंजी उताणं निजाय लागतं."

प्रमोद संवत्सरी निंबाजीस बढती होऊन तो धन्यांच्या खासगी कारभाराकडे जाणार ठरले आणि दरोगाई मोकळी जाहली. तिचा रिवाज असा होता की दसऱ्यास, सीमोल्लंघनाच्या मैदानावर डेरे देत असता, धनी स्वतः फरासांच्या रांगेपुढून चालत जात. त्या एका दिवशी मान वर करणे माफ असे. ज्यास दरोगाई हवी त्याने मान वर करून मुजरा करावा आणि आपले नाव सांगावे. जाणाऱ्या दरोग्याने मात्र कोणाचे नाव घेऊ नये, वशिला होतो. निंबाजीच्या मनात आले की हीच वेळ. मी तेव्हा वर पाहिले. आता गोंदाजीने एकदा पाहिले म्हणजे माझ्या छातीवरचे ओझे उतरेल. नवमीच्या सकाळी तो गोंदाजीच्या घरी गेला आणि ओसरीवर घोंगडीही न मागता बसला.

"गोंदाजी, उद्या धनी तुझ्यापुढं येतील. मान वर कर, अन् नाव सांग. बाकी काही नको."

गोंदाजी हसला. "कशाला थट्टा करतोस? दरोगाईला काय लागतं ते मी दर साली ऐकतोय. माझं तेवढं झालेलं न्हाई अजून."

"तेवढं म्हणजे केवढं?"

"तुझ्याएवढं."

ते ऐकून निंबाजी पुढे सरकला. तो म्हणाला, "अरे, मी काही केलंच नाही त्या दिवशी. काटा नव्हता. उन्हाचा कंटाळा आला म्हणून सोंग केलं. चिंचेखाली पडलो होतो, म्हणून धूर दिसला. माझी मेख तू धरलीस, तू मारलीस, म्हणून माझे डोळे मोकळे राहिले. त्यात माझं एवढंच की दिसलं ते मी जाऊन सांगितलं."

गोंदाजीने मान तिरकी करून त्याच्या जोड्यांकडे पाहिले, आणि मायेने पाहिले. "मोठी माणसं अशीच बोलत्यात. म्हणूनच तू मोठा."

परंतु भागूबाई चुलीपुढे बसली होती ती हसली नाही. तिने फुंकणी खाली ठेविली. "काटा नव्हता?"

"नव्हता, वहिनी."

"मग मी हळद कशाला बांधली?"

निंबाजीने उठायला ओसरीस हात टेकला.

ती म्हणाली, "आदी तुमच्या पायाला लावली, भावजी. पाव्हणा म्हणून आदी तुमच्या. खरवडून उरली ती ह्यांच्या अंगठ्याला. ते नख पुन्हा उगवलं न्हाई. अन् माणूस कायम म्हणत आला, माझं कमी पडतंय, माझं कमी पडतंय. तवाच बोलला असता तर ही पाठ अशी झाली नसती." इतके बोलून तिने पुन्हा फुंकणी उचलली आणि चूल फुंकू लागली. निंबाजी उठून चालता जाहला, तेव्हा ती 'बसा' म्हणाली नाही. असे त्या घरात प्रथमच घडले.

विजयादशमीस मैदानावर, थोरल्यांमागे गादीवर बसलेले धाकटे सरकार रांगेपुढून चालत आले, आणि मागे निंबाजी. गोंदाजीपाशी येताच निंबाजी मुद्दाम खोकला, आणि मुद्दाम जोडा सावरीत थांबला, तेव्हा सरकारही थांबले. "काही मागणं आहे का?" सरकारांनी पुसले. गोंदाजीने मोगरी उचलली आणि मेखेवर मारली. माफीचा दिवस होता, पण मानेस ते कोण सांगणार? पुन्हा मारली. सरकारांनी पुढे पाऊल उचलले.

मग निंबाजीस राहवेना. त्याने तिथेच, सर्व मानकरी, कारभारी, भालदार यांच्यादेखत हात जोडले आणि म्हणाला, "धनी, मला बोलायचं आहे. माझी गोष्ट खोटी आहे. मला काटा रुतला नव्हता. मी काम टाकून झाडाखाली निजलो होतो. जे मिळालं ते संधी दिसली म्हणून मिळालं, कष्टानं नाही. कष्ट दुसऱ्याचे होते." निंबाजीने डोळे मिटले आणि शिक्षेची वाट पाहिली. मग कारभाऱ्यांचा गहिवरलेला आवाज आला, "काय हा विनय! एवढा पराक्रम, आणि श्रेय घेत नाही!" आणि लोकांनी वाहवा केली, आणि सरकारांनी गळ्यातला कंठा काढून निंबाजीच्या गळ्यात घातला, आणि आज्ञा केली की ही विनयाची गोष्टही काट्याच्या गोष्टीस जोडून दर साली सांगत जावी. निंबाजी "नाही, नाही" म्हणे, आणि जितके म्हणे तितकी वाहवा वाढे. त्यास वाटले की जमिनीने गोंदाजीच्या मेखेसारखे आपल्यासही गिळावे.

हे सारे भागूबाई बायकांच्या घोळक्यातून पाहत होती. सरकारांचे मन या क्षणी पातळ जाहले आहे आणि हा क्षण टिकणार नाही, हे त्या मैदानावर तिला एकटीस दिसले. ती पदर खोचून पुढे आली. चोपदार आडवा जाहला, त्यास तिने कोपराने बाजूस सारिले.

"धनी, भावजी एवढे थोर, तर त्यांचा जोडीदार कोण व्हता, हे कुणी इचारलं का कधी?"

सरकार चकित होऊन म्हणाले, "कोण होता?"

"ह्यो काय, तुमच्या पायाशी. मान वर करा म्हणता, पण त्याची मान वर होत न्हाई. तुमच्या डेऱ्यासाठीच बसली ती. तुम्ही जरा वाकलात तर तोंड दिसंल."

कोणी हसले, आणि मग हसणे थांबले, कारण सरकार वाकले. गुडघा मातीस टेकला, जरीची किनार मळली, आणि राज्याच्या धन्याने खालून वर पाहून एका फरासाचे तोंड पाहिले. गोंदाजीच्या डोळ्यांपुढे आजवर पायताणेच आली होती, तिथे मुकुट दिसला, तेव्हा तो घाबरून म्हणाला, "मेख घट्ट हाय, धनी. हलायची न्हाई." सरकारांनी त्यास त्याच जागी दरोगाई दिली. वस्त्रे उभ्याने घालता येईनात, म्हणोन बसवून घातली.

परतताना निंबाजी भागूबाईस गाठून म्हणाला, "वहिनी, मी खरं बोललो होतो." ती म्हणाली, "बोलला. पण तुमचं खरं कुणालाच नको व्हतं. खोटंच कामाला आलं. आता ऱ्हाऊ द्या." आणि ती नवऱ्याचा हात धरून पुढे गेली.

तेव्हापासून खंडेनवमीस ती गोष्ट दरोगा गोंदाजी स्वमुखे सांगतो, रक्तासकट सांगतो आणि शेवटी विनयाचा भाग येतो तेव्हा निंबाजीच्या पायांकडे बोट करितो. निंबाजीस मानाच्या जागी बसवितात. तो कंठा घालून येत नाही. आणि गोष्टीत काटा येतो तेव्हा तो आपला धडधाकट पाय हळूच धोतराखाली ओढून घेतो.

ही हकीकत हळद लावणारीच्या तोंडून ऐकली, तशी लिहिली. बाळराजांच्या प्रश्नास उत्तर इतकेच की कष्ट करावे, पण अधूनमधून मान वर करून पाहावे. आणि कोणाच्या मेहनतीवर आपल्यास वर पाहता आले, ते पहिल्याच दिवशी, लोक ऐकून घेतात तोवर, बोलून टाकावे. उशिरा बोललेले खरे लोक ऐकत नाहीत. लेखनसीमा.